जंजिरा म्हणजे बेट

(पिंगुळी इथे भरलेल्या युवा शिबिरातल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

मागे बसलेली मुलं जरा पुढे या. नकाशा लहान आहे आणि पंख्याचा आवाज मोठा.

पिंगुळीत येऊन गोष्ट सांगायची म्हणजे तसं धाडसच. इथल्या ठाकर समाजाने चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्या पिढ्यान् पिढ्या जपल्या. परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली ती याच कामासाठी. चित्रकथीतल्या चित्रांच्या गठ्ठ्याला पोथी म्हणतात, हे तुम्ही सकाळी पाहिलंत. दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली असतात. सांगणारा एक बाजू दाखवतो, पान उलटतो आणि गोष्ट पुढे जाते. मीही आज दोन बेटं तशीच पाठीला पाठ लावून आणली आहेत. एक भूमध्य समुद्रातलं माल्टा. दुसरं इथून तास-सव्वा तासाच्या वाटेवरचं, मालवणसमोरचं कुरटे बेट. त्यावर सिंधुदुर्ग किल्ला उभा आहे. मी भूगोल शिकवते, त्यामुळे सुरुवात जमिनीपासून करणार. इतिहास त्यानंतर.

नकाशात इटलीचा बूट शोधा. बुटाच्या टोकाशी सिसिली. सिसिलीच्या खाली साधारण ९० किलोमीटरवर माल्टा. मुख्य बेट, शेजारचं गोझो आणि बारकी बेटं मिळून ३१६ चौरस किलोमीटर. आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या सोळाव्या हिश्श्याएवढा हा अख्खा देश. एकही नदी नाही, डोंगर म्हणावा असा डोंगर नाही. पिवळसर, मऊ चुनखडीचा दगड. आपल्याकडे जांभा जसा खाणीतून चिऱ्यांच्या आकारात कापून काढतात, तसाच तिथे हा दगड कापतात आणि घरं बांधतात. वर्षाचा पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास. आपल्याकडे एखाद्या जुलैत याहून जास्त पडून जातो.

म्हणजे खायला-प्यायला फार काही नाही. मग या बेटासाठी एवढी भांडणं का झाली? फिनिशियन आले, रोमन आले, अरब आले, नॉर्मन आले, स्पेनचा राजा, फ्रेंच, इंग्रज, सगळे आले. उत्तर नकाशातच आहे. भूमध्य समुद्र मध्यभागी चिंचोळा होतो, त्या चिंचोळ्या भागात माल्टा बसलं आहे. पूर्वेकडून पश्चिमेकडे जाणारं जहाज त्याच्या नजरेतून सुटत नाही. आणि त्याच्याकडे उत्तम, खोल, वाऱ्यापासून सुरक्षित बंदर आहे. बेटाची किंमत त्याच्या मातीपेक्षा त्याच्याजवळून जाणाऱ्या वाटेवर ठरते. हे वाक्य लक्षात ठेवा, मालवणला गेल्यावर लागेल.

आता माल्टाची जी गोष्ट मला सगळ्यात जास्त आवडते ती. इ. स. ८७० साली उत्तर आफ्रिकेतून आलेल्या अरबांनी माल्टा घेतलं. १०९१ साली सिसिलीच्या नॉर्मनांनी ते जिंकलं, आणि तेराव्या शतकाच्या मध्यापर्यंत तिथे उघडपणे मुसलमान म्हणून राहणारं कुणी उरलं नाही. काहींना हाकललं, काहींनी धर्म बदलला. आज माल्टा जवळजवळ सगळं कॅथलिक आहे. गावोगाव चर्च, संतांचे उत्सव, मिरवणुका, फटाके. पण हे लोक बोलतात काय? त्यांची भाषा अरबीतून निघाली आहे. लिहितात रोमन लिपीत, त्यात इटालियन शब्दांची भरपूर भर पडली, पण हाड अरबीचं. २००४ पासून ती युरोपीय संघाची अधिकृत भाषा आहे.

ऐका. पाचाला ते 'हम्सा' म्हणतात, समुद्राला 'बहर', घराला 'दार'. देवाला शब्द 'अल्ला'. चर्चमध्ये पाद्री रोज हाच शब्द उच्चारतो आणि कुणालाही त्यात वावगं वाटत नाही. ईस्टरच्या आधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासाला ते 'रान्दान' म्हणतात. हसू नका, बरोबर ओळखलंत, तो आपला रमजानच आहे. ईस्टरला 'इद'. मरियमच्या प्रार्थनेची सुरुवात होते ती 'सलाम'च्याच त्यांच्या रूपाने, 'स्लीम' म्हणून.

धर्म गेला, भाषा राहिली. असं होऊ शकतं. आपल्याकडे अनेकांना हे पटत नाही. मुसलमान असेल तर त्याची भाषा उर्दूच असणार, असं बाहेरचे धरून चालतात आणि कधी कधी आपलेही. कोकणातल्या मुसलमानांच्या घरात शतकानुशतकं कोकणी-मराठी बोलली जाते. चुलीपाशी, होडीत, अंगाईत तीच. माल्टाच्या म्हातारीला कुणी विचारत नाही की तू ख्रिस्ती, मग अरबी शब्द कसे काय बोलतेस. तिची ती भाषा आहे, विषय संपला.

आणखी एक शब्द मी मुद्दाम मागे ठेवला होता. बेटाला माल्टाचे लोक 'ग्झीरा' म्हणतात. या नावाचं एक गावही तिथे आहे. मूळ अरबी शब्द 'जझीरा'. आता आपल्या किनाऱ्यावर या. मुरुडचा 'जंजिरा' कुठून आला? त्याच शब्दातून. आपण 'जंजिरा' हे एकाच किल्ल्याचं नाव समजतो, पण जुन्या कागदांत 'जंजिरे सिंधुदुर्ग', 'जंजिरे विजयदुर्ग' असे उल्लेख सर्रास येतात. पाण्यातल्या किल्ल्याचं ते सामान्यनामच होतं. शिवाजी महाराजांच्या किल्ल्याला संस्कृत नाव 'सिंधुदुर्ग', त्याच्या आधी बसणारा शब्द अरबी, आणि ते लिहिणारा कारकून बहुधा मोडीत लिहिणारा ब्राह्मण किंवा प्रभू. त्या माणसाला आपण काही मिसळतो आहोत असं वाटलंही नसेल.

चला, पान उलटू.

१६६४ साल. महाराजांनी जानेवारीत सुरत लुटली होती. वर्षाच्या शेवटी ते याच मुलखात होते. इथे शेजारी कुडाळला विजापूरच्या खवासखानाच्या फौजेशी झुंज चालली होती. त्या झुंजीत कोण कुणाच्या बाजूने होतं तेवढं बघून ठेवा. विजापूरच्या बाजूने मुधोळचे बाजी घोरपडे होते, वाडीचे लखम सावंत होते. दोघंही मराठे. हे सगळं चालू असतानाच २५ नोव्हेंबर १६६४ रोजी मालवणच्या किनाऱ्यावर पूजा झाली आणि कुरटे बेटावरच्या किल्ल्याचं काम सुरू झालं. जिथे पूजा झाली तो 'मोरयाचा धोंडा' आजही किनाऱ्यावर आहे, त्यावर गणपती, सूर्य, चंद्र कोरलेले दिसतात. बांधकाम हिरोजी इंदुलकरांच्या देखरेखीखाली झालं आणि १६६७ मध्ये पुरं झालं.

बेट केवढं? साधारण ४८ एकर. तट जवळजवळ तीन किलोमीटरचा, नागमोडी, बेटाच्या कडेकडेने फिरलेला. त्यामुळे तोफ कुठूनही डागली तरी तिला सरळ भिंत सापडत नाही. उंची तीसेक फूट, जाडी बारा फुटांच्या घरात. पायाच्या दगडांत वितळलेलं शिसं ओतलं असं बखरी सांगतात. किती ओतलं याचा प्रत्येकाचा आकडा वेगळा, त्यात आपण शिरायला नको. मुख्य दरवाजाला दिल्ली दरवाजा म्हणतात. होडी अगदी जवळ येईपर्यंत तो दिसत नाही, कारण दोन बुरूज त्याच्यापुढे आडवे वळले आहेत. तुमच्यापैकी ज्यांनी आधी पाहिला असेल त्यांनी नव्यांना सांगू नका. शोधू द्या.

पण किल्ल्याचं खरं संरक्षण तट करत नाही. भोवतालचे खडक करतात. मालवणच्या बंदरात पाण्याखाली खडकांची इतकी गर्दी आहे की वाट माहीत नसलेला नाखवा आत येऊ शकत नाही. भरतीला कुठून जायचं, ओहोटीला कुठून, वारा कुठला असताना मुळीच जायचं नाही, हे इथल्या माणसाच्या डोक्यात असतं. म्हणजे बेट निवडताना राजाने नुसता खडक निवडला नाही, त्या खडकांची वाट जाणणारी माणसंही हिशेबात धरली. गाबीत, भंडारी, कोळी, खारवी, आणि किनाऱ्यावरचे मुसलमान खलाशी. आरमार म्हटलं की आपल्याला जहाजं दिसतात. जहाज सुतार बांधतो, ते चालतं या माणसांच्या डोक्यात साठलेल्या वाटांवर.

जागा हीच का? माल्टाचं वाक्य आठवा. दक्षिणेला गोव्यात पोर्तुगीज. त्याच्या अलीकडे वेंगुर्ल्यात डच, त्यांची वखार १६३७ पासूनची. उत्तरेला मुरुडचा सिद्दी, त्याच्या पलीकडे मुंबईवर इंग्रजांचा हक्क आलेला. या सगळ्यांची गलबतं मालवणसमोरून जाणार. किल्ल्याचं काम सुरू झालं आणि अडीच-तीन महिन्यांत, फेब्रुवारी १६६५ मध्ये, महाराज स्वतः मालवणहून आरमार घेऊन कर्नाटकातल्या बसरूरवर गेले.

आता पाणी. खाऱ्या समुद्राच्या मधोमध किल्ल्यात तीन गोड्या विहिरी आहेत: दूधबाव, साखरबाव, दहीबाव. गाईड लोक हा चमत्कार म्हणून सांगतात. मला ते आवडत नाही, कारण खरं कारण चमत्कारापेक्षा सुंदर आहे. बेटावर पडलेला पाऊस मुरतो. गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं असतं, म्हणून खाली खारं पाणी असलं तरी त्याच्यावर ते तरंगत राहतं. मधे जाड, कडेला पातळ, मसूरडाळीच्या आकाराचा साठा तयार होतो. समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी एक हात असेल, तर खाली साधारण चाळीस हात गोडं पाणी असतं. ढोबळ हिशेब आहे, खडकाप्रमाणे बदलतो, पण तत्त्व हेच. माल्टाच्या पोटातलं पाणी असंच आहे. आपल्याकडे तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, त्यामुळे साठा दर वर्षी भरून निघायला वाव आहे.

पण हिशेब उलटाही लागतो. वरचं एक हात पाणी उपसलंत की खालून चाळीस हात खारं वर चढायला बघतं. माल्टात तेच झालं. बोअर मारले, उपसा वाढला, पाणी खारटलं. आज त्या देशाला प्यायच्या पाण्यातला मोठा वाटा समुद्राचं पाणी यंत्राने गोडं करून मिळवावा लागतो. त्यांच्या पूर्वजांना जास्त अक्कल होती. १५६६ मध्ये वॅलेटा शहर वसवलं तेव्हा प्रत्येक घराखाली पावसाच्या पाण्याची टाकी हवी असा नियम केला होता. आपल्या किनाऱ्यावर आता प्रत्येक घराचं होम-स्टे होतंय, प्रत्येकाला बोअर हवी. तिथलं खारटलेलं पाणी आपण पाहिलं आहे, आपल्याला अजून वेळ आहे.

वॅलेटाचं नाव आलं म्हणून पुन्हा तिकडची बाजू. १५३० साली स्पेनच्या सम्राटाने माल्टा सेंट जॉनच्या सरदारांना दिलं. हे लढाऊ धर्मबंधू होते. भाडं वर्षाला एक शिकारी ससाणा. १५६५ मध्ये उस्मानी आरमाराने बेटाला वेढा घातला, तो चार महिने चालला, मोडला, आणि त्यात उस्मानींचा नामांकित दर्यावर्दी तुर्गुत रईस मारला गेला. युरोपात ही गोष्ट 'ख्रिस्ती विरुद्ध मुसलमान' म्हणून चारशे वर्षं सांगितली. पण त्याच शतकात फ्रान्सचा कॅथलिक राजा उस्मानी सुलतानाचा दोस्त होता. १५४३ च्या हिवाळ्यात सुलतानाचं आरमार फ्रान्सच्या तूलाँ बंदरात मुक्कामाला होतं. आणि माल्टाचे सरदार लुटायला निघाले की ग्रीक ख्रिस्ती व्यापाऱ्यांची जहाजंही सोडत नव्हते.

आपल्या बाजूचंही सांगायला हवं, नाहीतर ही भूगोलाची तास न राहता वकिली होईल. १५५१ साली याच तुर्गुत रईसच्या मोहिमेने गोझो बेट जवळजवळ रिकामं केलं. हजारो माणसं, बाया-पोरांसकट, गुलाम म्हणून उचलून नेली. उलट बाजूला माल्टाच्या सरदारांच्या गलबतांवर वल्ही मारायला साखळीने बांधलेले मुसलमान गुलाम होते. १७९८ मध्ये नेपोलियनने बेट घेतलं तेव्हा त्यांची सुटका झाली. तुर्गुत 'आपला' म्हणून अभिमान धरणाऱ्याने गोझोच्या त्या बायकांचाही हिशेब द्यावा. मला तो देता येत नाही, म्हणून मी अभिमानही धरत नाही.

आता सिंधुदुर्गाकडे हीच नजर लावू. आज सकाळी तुमच्यातल्या एकाने मला विचारलं, "मॅडम, किल्ल्यावर गेलो की कुणीतरी विचारतंच, तुमचा इथे काय संबंध. काय सांगायचं?"

माझ्याकडे सांगण्यासारखं पुष्कळ आहे. सभासदाची बखर घ्या. कृष्णाजी अनंत सभासदाने ती १६९० च्या दशकात राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून लिहिली. आरमाराचे दोन सुभेदार त्यात येतात, दर्यासारंग हा मुसलमान आणि मायनाक भंडारी. पुढे दौलतखान येतो. आणि बखरीपेक्षाही मजबूत कागद म्हणजे महाराजांचं एक पत्र. १६७० च्या दशकातलं, प्रभावळीचा सुभेदार जिवाजी विनायक याला लिहिलेलं. मुरुडच्या जंजिऱ्यासमोर पद्मदुर्ग उभा राहत होता. तिथे राबणाऱ्या दौलतखान आणि दर्यासारंगाच्या आरमाराला पैसा आणि धान्य पोचवण्याचा हुकूम होता. सुभेदाराने ते पोचवलं नाही. महाराज त्या पत्रात इतके संतापले आहेत की आजही वाचताना अंगावर येतं. तू रसद अडवतोस म्हणजे सिद्दीला मदत करतोस, आणि ब्राह्मण आहेस म्हणून तुझी गय होईल असं समजू नकोस, असा त्याचा आशय आहे.

एका पत्रात किती जण आले बघा. मराठा राजा. चुकार ब्राह्मण अधिकारी. उपाशी राहिलेले मुसलमान आरमारी सरदार. आणि समोर शत्रू सिद्दी, तोही मुसलमान. आफ्रिकेतून आलेली ही माणसं, कित्येक गुलाम म्हणून आणलेली, आणि त्यांनी मुरुडचा तो खडक असा धरला की महाराजांना तो घेता आला नाही, संभाजी महाराजांनाही नाही. त्यांचं संस्थान थेट १९४८ मध्ये भारतात विलीन झालं. राजाला त्या पत्रात फिकीर कशाची होती? रसद वेळेवर गेली की नाही याची.

१६७९ ला या. मुंबईच्या तोंडावरच्या खांदेरी बेटावर मायनाक भंडारी तट बांधत होता. इंग्रज बिथरले, कारण ते बेट म्हणजे मुंबईच्या गळ्याला हात. इंग्रजांची जहाजं आली, सिद्दीचीही आली. मायनाकाला वाचवायला नागावच्या खाडीतून आरमार घेऊन गेला तो दौलतखान. इंग्रजांनी शेवटी माघार घेतली, सिद्दीने शेजारचं उंदेरी बळकावलं, आणि मग कित्येक वर्षं ही दोन बेटं एकमेकांवर तोफा डागत बसली. भंडाऱ्याला खानाने वाचवलं. समोर इंग्रज ख्रिस्ती आणि हबशी मुसलमान एका बाजूला. धर्माची पट्टी घेऊन मोजायला गेलात तर पट्टीच मोडेल.

एवढं सगळं असूनही त्या विचारणाऱ्याला तुम्ही दौलतखानाचं नाव दाखवू नये असं माझं मत आहे. थांबा, चुळबुळ करू नका. दौलतखान वाचा, त्याच्यावर लिहा, शाळेत त्याचं नाटक बसवा. पण संबंध सिद्ध करायला त्याला रेशनकार्डासारखं पुढे करू नका. तुमच्या सोबतच्या गाबीत मुलाकडे कुणी मायनाकाचं प्रमाणपत्र मागत नाही. हा किल्ला तुमच्या गावापासून तासाभरावर आहे, तुम्ही त्याच पावसात भिजता, तुमच्या घरात त्याच समुद्राची मासळी शिजते. एवढा संबंध पुरतो. शिवाय प्रमाणपत्राच्या वाटेने गेलात की एक अडचण होते. कुणीतरी सिद्दी दाखवणार, खवासखान दाखवणार, मग तुम्ही घोरपडे आणि सावंत दाखवणार. ही बेरीज-वजाबाकी संध्याकाळपर्यंत चालेल. ज्या माणसाने ती सुरू केली त्याला इतिहासात रस नसतोच.

रस असणाऱ्यासाठी शब्द आहेत, आणि ते जास्त बोलके आहेत. बंदर फारसी. दर्या फारसी. नाखवा हा 'नाखुदा', म्हणजे नावेचा धनी, तोही फारसी. खलाशी अरबीतून. मोसम हा अरबी 'मौसिम', त्याचाच इंग्रजांनी मॉन्सून केला. आरमार पोर्तुगीज 'आर्मादा'वरून. आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देऊन होडी लोटली जाते तेव्हा हे सगळे शब्द एकाच तोंडून निघतात. रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र अठराव्या शतकाच्या सुरुवातीचं. त्यात आरमार हे राज्याचं स्वतंत्र अंग आहे असं सांगितलं आहे, आणि जहाजासाठी रयतेची आंब्या-फणसाची झाडं मालकाला राजी केल्याशिवाय तोडू नका असंही बजावलं आहे. दर्याचा कारभार लिहिणाऱ्याला परसातल्या फणसाचीही काळजी होती.

पुढचा इतिहास भराभर सांगते. किल्ला कोल्हापूरकरांकडे गेला. १७६५ मध्ये मुंबईच्या इंग्रजांनी तो घेतला आणि त्याचं नाव ठेवलं फोर्ट ऑगस्टस. नाव टिकलं नाही. पुढच्याच वर्षी पैशाचा करार करून त्यांनी तो कोल्हापूरच्या जिजाबाईंना परत दिला. इंग्रज मालवणच्या दर्यावर्दींना चाचे म्हणत. स्वतः परवाने विकणाऱ्यांनी दुसऱ्याला चाचे म्हणावं, ही तेव्हाची रीतच होती. १८१२ च्या तहाने मालवण आणि किल्ला कायमचा त्यांच्या हाती गेला. माल्टा त्यांनी १८०० मध्ये घेतलं होतं, १८१४ च्या तहाने त्यावर शिक्कामोर्तब झालं. पाठीला पाठ असलेली आपली दोन चित्रं इथे एकाच हातात आली. माल्टा १९६४ मध्ये स्वतंत्र झालं.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. सिंधुदुर्ग त्यात आहे, आणि खांदेरीही आहे. वॅलेटा त्या यादीत १९८० पासून आहे. त्या छोट्या देशात आता वर्षाला तीस लाखांहून जास्त पर्यटक येतात, म्हणजे तिथल्या लोकसंख्येच्या कितीतरी पट. घरभाडी वाढली, पाणी यंत्राचं, कचरा टाकायला जागा नाही. मालवणचं काय होईल ते आत्ताच ठरतंय. किल्ल्याभोवतीचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, सुमारे २९ चौरस किलोमीटर. तिथल्या खडकांवर प्रवाळ आहे. स्नॉर्कलिंगला आलेला माणूस त्यावर उभा राहून फोटो काढतो, होडीचा नांगर त्यावर पडतो. दुसरीकडे पर्ससीनवाले मोठी जाळी टाकून मासळीचा थवाच्या थवा उचलतात, आणि रापणवाल्याच्या जाळ्यात काही राहत नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये राज्य सरकारने पर्ससीनवर निर्बंध आणले, तरी भांडण मिटलेलं नाही. त्या भांडणात गाबीत आहेत, दालदी आहेत, ख्रिस्ती मच्छीमार आहेत, आणि ते दोन्ही बाजूंना आहेत. कोण कुठल्या बाजूला हे जाळ्याच्या आकारावर ठरतं.

किल्ल्यात आजही थोडी कुटुंबं राहतात. पावसाळ्यात प्रवासी होड्या बंद होतात, तेव्हा समुद्र उधाणलेला असला की ती माणसं आणि किनारा यांच्यात फक्त हवामानाचा अंदाज उरतो. किल्ला पाहताना हेही बघा की तिथे कुणाचं तरी घर आहे, कपडे वाळत घातलेले आहेत, परवानगीशिवाय फोटो काढू नये.

उद्या सकाळी सातला इथून निघायचं आहे. पाण्याची बाटली भरून घ्या, किल्ल्यात प्लास्टिकची विकत घेऊ नका. होडीत बसल्यावर तांडेलाला नमस्कार-सलाम करा आणि विचारा, पाण्याखालच्या कुठल्या खडकाला काय नाव आहे. ती नावं कुठल्याही नकाशावर नाहीत. घरी गेल्यावर आजी-आजोबांकडून समुद्राचे, वाऱ्याचे, जाळ्यांचे जेवढे शब्द मिळतील तेवढे वहीत उतरवा. कोण ते कसं उच्चारतं तसंच लिहा, शुद्ध करायला जाऊ नका. पन्नास शब्द जमले की मला पाठवा. कुठला कुठून आला ते आपण मिळून शोधू.

आता प्रश्न विचारा. पण आधी त्या कोपऱ्यातल्या मुलीचा, ती केव्हाची हात वर करून बसली आहे.